मुक्या साक्षीदाराची निवड

न्यायासनापुढें येणारा साक्षीदार कसा असावा, याविषयीं मनुष्यजातीनें फार प्राचीन काळापासून विचार केला आहे. ज्याचा निकालांत स्वार्थ गुंतलेला नाहीं आणि ज्याचीं इंद्रियें शाबूत आहेत अशाचीच साक्ष घ्यावी, हा नियम आपल्या स्मृतिग्रंथांत सांपडतो आणि अर्वाचीन न्यायपद्धतीसही तो मान्य आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत एक असें न्यायासन निर्माण झालें आहे कीं, त्याच्यापुढें साक्ष देणारा प्राणी बोलत नाहीं, शपथ घेत नाहीं, आणि साक्ष पुरी झाल्यावर बहुधा जिवंतही राहत नाहीं. हें न्यायासन म्हणजे विषपरीक्षेची प्रयोगशाळा होय. शेतांत फवारावयाचें औषध किंवा दुधाच्या बाटलीचें प्लॅस्टिक मनुष्यास अपायकारक आहे किंवा नाहीं हें ठरविण्यासाठीं तें द्रव्य आधीं उंदरास, माशास अथवा बेडकास देऊन पाहतात. या कामीं कोणता प्राणी निवडावा हा प्रश्न वरवर पाहतां शास्त्रज्ञांच्या सोयीचा दिसतो. परंतु तो नीतीचाही प्रश्न आहे. आणि ज्यांनीं प्रयोगशाळेचें दारही कधीं पाहिलें नाहीं अशांचें हिताहित त्यावर अवलंबून आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्यवहारांत आपण ज्यांस विष म्हणतों त्यांचा नियम बहुधा सरळ असतो: मात्रा वाढली कीं अपाय वाढतो. येथें ज्या द्रव्यांचा विचार करावयाचा आहे त्यांची रीत निराळी आहे. शरीरांतील निरनिराळ्या ग्रंथी रक्तांत जे स्राव सोडतात त्यांस संप्रेरकें किंवा हार्मोन्स म्हणतात. शरीराच्या एका भागानें दुसऱ्या भागास धाडलेले हे निरोपच होत. बेडूकमाशाचें शेपूट जाऊन त्याचा बेडूक होतो तो अवटुग्रंथीच्या निरोपामुळें. गर्भाच्या इंद्रियांस स्त्रीचें किंवा पुरुषाचें वळण लागतें तेंही अशाच निरोपांच्या द्वारें. हे स्राव अत्यल्प प्रमाणांत कार्य करितात. कारखान्यांत निर्माण होणारीं कित्येक रसायनें या निरोपांची नक्कल करितात, अथवा खरा निरोप मध्येंच अडवितात. अशा रसायनाची मात्रा जितकी महत्त्वाची, तितकीच तें शरीरांत शिरण्याची वेळही महत्त्वाची असते. प्रौढ मनुष्यास ज्या मात्रेनें कांहींएक होत नाहीं, त्याच मात्रेनें गर्भाचें जन्मभराचें नुकसान होऊं शकतें, आणि तें कधीं कधीं वीस वर्षांनीं दृष्टीस पडतें.

हा विषय परदेशच्या विद्वानांचा आहे, आपल्याकडच्या खेड्यांशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यानें भंडारा जिल्ह्याकडे पाहावें. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें खपून बांधलेले तलाव आणि बोड्या, त्यांच्या पाण्यावर पिकणारें धान, त्याच पाण्यांत जाळें टाकून पोट भरणारा ढिवर, आणि धानाच्या बांध्यांतून जोडीनें हिंडणारा सारस, असें हें पाण्याभोंवतीं गुंफलेलें जीवन आहे. महाराष्ट्रांत सारस आज मुख्यतः गोंदिया व भंडारा याच प्रदेशांत, तोही फार थोडा, उरला आहे. बांधींत फवारलेलें औषध पावसाच्या पाण्याबरोबर बोडींत उतरतें. शिवाय नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदी कन्हानेंत नेते व कन्हान वैनगंगेंत नेते. पूर्वीं तें वाहून पुढें जाई. १९८८ सालीं पवनी तालुक्यांत ज्याची कोनशिला बसली त्या गोसीखुर्द धरणानें तें आतां अडविलें जातें.

मोठ्या शहराच्या सांडपाण्यांत मलमूत्राबरोबर स्त्रियांच्या शरीरांतील नैसर्गिक संप्रेरकें आणि संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरकें असतात. इंग्लंडांत १९९० नंतरच्या दशकांत सांडपाण्याच्या मुखाशीं पिंजऱ्यांत ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तांत अंड्याच्या बलकाचें प्रथिन सांपडूं लागलें; जें केवळ मादीनें निर्माण करावयाचें तें नर निर्माण करूं लागला. पुढें कॅनडांतील संशोधकांनीं एका लहानशा सरोवरांत २००१ पासून तीन उन्हाळे गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक मिसळलें. प्रमाण किती? एका लिटर पाण्यांत एका ग्रॅमाचे अवघे पांच-सहा अब्जांश. तेवढ्यानें त्या सरोवरांतील एका लहान जातीच्या माशांची वस्ती जवळजवळ नामशेष झाली. एकही मासा विषबाधेनें तडफडून वर आला नाहीं; पुढची पिढी जन्मली नाहीं, इतकेंच. ज्या जिल्ह्यांत शेंकडों कुटुंबांची चूल माशांच्या पुढच्या पिढीवर पेटते, त्या जिल्ह्यास हा विषय परका कसा म्हणावा?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अशा रसायनाची परीक्षा कोणत्या प्राण्यावर करावी? प्रयोगशाळेस उंदीर आवडतो, कारण तो लहान, स्वस्त, शांत आणि बहुप्रसव असतो. पण जो गुण पाळणाऱ्याच्या सोयीचा तोच साक्षीस बाधक होऊं शकतो. सीडी-१ या नांवाची एक पांढऱ्या उंदरांची जात जगभर वापरांत आहे. एका वेतांत पुष्कळ पिलें व्हावीं म्हणून या जातीची पिढ्यान् पिढ्या निवड होत आली. १९९९ सालीं अमेरिकेंतील स्पिअरो व त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या जातींच्या तरुण नर उंदरांस स्त्रीसंप्रेरक देऊन पाहिलें. तेव्हां असें आढळलें कीं, कांहीं जातींत अत्यल्प मात्रेनेंच वृषणांची वाढ खुंटते, परंतु बहुप्रसवतेसाठीं निवडलेली ही जात त्यांच्याहून सोळा पटींनीं अधिक सहनशील आहे. म्हणजे ज्या जातीस प्रजननाच्या बाबतींत सहजासहजीं कांहीं बाधत नाहीं, तिलाच प्रजननास काय बाधतें हें आपण विचारीत होतों.

माशांची गोष्टही अशीच आहे. झेब्रा मासा या नांवानें जगांतील सर्व प्रयोगशाळांत पोहणारा चिमुकला पट्टेरी मासा मूळचा आपल्याच देशचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत १८२२ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें. तोच पुढें परदेशीं कांचेच्या टाक्यांत वाढूं लागला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत असें दिसून आलें कीं, भारतांतील रानटी झेब्रा माशांत नर-मादी ठरविणारा जो आनुवंशिक घटक असतो, तो प्रयोगशाळेंत फार वापरल्या जाणाऱ्या जातींतून नाहींसा झाला आहे. लिंगभेदावर रसायनाचा काय परिणाम होतो हें ज्यास विचारावयाचें, त्याच्या ठायीं लिंगभेदाची मूळ व्यवस्थाच बदललेली होती!

पक्ष्यांचा इतिहास तर प्रसिद्धच आहे. डी. डी. टी. या कीटकनाशकामुळें बहिरी ससाण्याच्या अंड्यांचें कवच पातळ होऊन तीं घरट्यांत फुटतात, हें इंग्लंडांतील रॅटक्लिफ यांनीं १९६७ सालीं दाखविलें. कोंबडी आणि लावा या पाळीव जातींवर या द्रव्याचा तसा परिणाम फारसा होत नाहीं. खरूचीसारख्या लहान शिकारी पक्ष्यांस पिंजऱ्यांत ठेवून अमेरिकेंत १९७० च्या सुमारास प्रयोग झाले, तेव्हां कवच पातळ होतांना प्रत्यक्ष दिसलें. गिधाडांचें उदाहरण संप्रेरकांचें नव्हे, पण धडा तोच आहे. गुरांस वेदना कमी होण्यासाठीं दिलें जाणारें डायक्लोफिनॅक गुरांनीं सहज पचविलें. त्याच गुरांचें प्रेत खाऊन आपल्या देशांतील गिधाडांच्या तीन जातींतील शंभरांतलीं नव्वदांहून अधिक गिधाडें नष्ट झालीं. २००४ सालीं कारण सिद्ध झालें व २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधाचें उत्पादन बंद झालें. त्याऐवजीं मेलोक्सिकॅम निर्धोक आहे काय हें पाहतांना भारतीय गिधाडें इतकीं थोडीं उरलीं होतीं कीं, प्रथम आफ्रिकेंतील त्यांच्या भाऊबंदांवर परीक्षा करावी लागली. गाईची साक्ष गिधाडाच्या उपयोगी पडत नाहीं, हें समजण्यास आपणांस लक्षावधि पक्ष्यांचें मोल द्यावें लागलें.

या सर्वांवरून कोणी असें म्हणेल कीं, मग अत्यंत नाजूक प्राणी शोधून त्याच्यावरच परीक्षा करावी. पण ही सूचना न्यायाची नव्हे. बहिऱ्या साक्षीदारास उभें करून आरोपीस सोडविणें जसें अन्यायाचें, तसेंच सावलीस भिणाऱ्यास उभें करून आरोपीस फांशीं देणेंही अन्यायाचेंच. एखादें उपयुक्त औषध किंवा कीटकनाशक अशा साक्षीवरून बंद झालें तर त्याचीही किंमत कोणास तरी द्यावीच लागते, बहुधा गरीबासच. तेव्हां निवडीची कसोटी साक्षीदाराच्या नाजूकपणांत नसून त्याच्या श्रवणांत आहे. ज्या द्रव्याचा परिणाम निश्चित ठाऊक आहे असें संप्रेरक त्याच प्रयोगांत त्याच जातीच्या कांहीं प्राण्यांस द्यावें. त्यांनीं तें ओळखलें तर त्यांची साक्ष ऐकावी. ओळखलें नाहीं तर नव्या रसायनाविषयींचें त्यांचें मौन निर्दोषतेचा पुरावा मानूं नये.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें आहे. मुंबईस परळ येथें प्रजनन-स्वास्थ्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथें सालियन, दोशी व वनगे यांनीं बिस्फिनॉल-ए या प्लॅस्टिकच्या द्रव्याची परीक्षा केली. ती २००९ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांनीं होल्टझमन जातीच्या गर्भिणी घुशींस, म्हणजे प्रयोगशाळेंतील पांढऱ्या मोठ्या उंदरांच्या माद्यांस, शरीराच्या दर किलो वजनामागें रोज १·२ व २·४ मायक्रोग्रॅम इतकें अत्यल्प द्रव्य पिलांचें दूध तुटेपर्यंत दिलें. त्या पिलांपैकीं नर मोठे झाल्यावर त्यांचे शुक्रजंतू संख्येनें व हालचालीनें उणे भरले, त्यांच्यापासून राहिलेले गर्भ अधिक प्रमाणांत नष्ट झाले, आणि हा दोष पुढच्या पिढ्यांतही दिसला. परंतु येथें विशेष सांगावयाचें तें हें कीं, याच प्रयोगांत दुसऱ्या कांहीं माद्यांस डाय-एथिल-स्टिल्बेस्ट्रॉल हें सुप्रसिद्ध कृत्रिम संप्रेरक दिलेलें होतें. साक्षीदारास ऐकूं येतें किंवा नाहीं, याची खात्री करून घेऊन मग साक्ष नोंदविली गेली.

सर्वत्र असें घडलें नाहीं. याच बिस्फिनॉलविषयीं २००४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांची गणना व्होम साल आणि ह्यूजेस यांनीं २००५ सालीं मांडली. सरकारी पैशानें झालेल्या १०४ प्रयोगांपैकीं ९४ प्रयोगांत परिणाम दिसला. कारखानदारांच्या पैशानें झालेल्या ११ पैकीं एकाही प्रयोगांत दिसला नाहीं. स्त्रीसंप्रेरकास दाद न देणारी उंदरांची एक जात वापरली गेली, हें त्यांनीं एक कारण म्हणून दाखविलें. यावरून कोणाच्या अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढण्याची आवश्यकता नाहीं. सवयीनें निवडलेला, हाताशीं असलेला, इतरांनीं वापरलेला प्राणी घेतला असेल. पण नीतिशास्त्रांत हेतूइतकेंच अवधानालाही स्थान आहे. ज्याच्या उत्तरावर लाखों अर्भकांचें आरोग्य अवलंबून आहे, त्यास उत्तर देतां येतें किंवा नाहीं हें न पाहणें, हा दुष्टपणा नसला तरी दोष आहेच.

आतां या विचारास दुसरी बाजू आहे, आणि ती टाळणें सहृदय वाचकास शोभणार नाहीं. ज्या प्राण्यास आपण साक्षीदार म्हणतों तो स्वखुषीनें आलेला नसतो. भूतदया हा आपल्या संतांच्या शिकवणुकीचा गाभा आहे. पिंजऱ्यांतील उंदरापुरता तो बाजूस ठेवावा काय? येथें एक विलक्षण पेंच आहे. प्राणी मनुष्याशीं जितका अधिक सदृश, तितकी त्याची साक्ष अधिक मोलाची. परंतु तो जितका अधिक सदृश, तितका त्यास वेदना देण्याचा आपला अधिकार कमी. ज्या साम्याच्या बळावर आपण त्याचें म्हणणें आपणांस लावून घेतों, तेंच साम्य आपल्या हाताला अडवितें.

हा पेंच पूर्णपणें सुटतो असें आम्हांस वाटत नाहीं. तो सैल मात्र करितां येतो. १९५९ सालीं रसेल व बर्च या इंग्रज ग्रंथकारांनीं तीन नियम घालून दिले: शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन वापरावें, प्राण्यांची संख्या कमींत कमी ठेवावी, आणि वेदना सौम्य करावी. आपल्याकडे १९६० च्या कायद्यान्वयें १९६४ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमली गेली आणि १९९८ सालीं तिचे सविस्तर नियम झाले. आज मनुष्याच्या पेशी कांचपात्रांत वाढवून, एखादें रसायन संप्रेरकाची नक्कल करितें कीं नाहीं, हें पुष्कळसें पाहतां येतें. मात्र पेशीस गर्भ राहत नाहीं आणि नातवंडें होत नाहींत. म्हणून अखेरचा प्रश्न अद्याप प्राण्यासच विचारावा लागतो. पण या नियमांतून एक गोष्ट स्पष्ट निघते. ज्या प्राण्यास ऐकूंच येत नाहीं त्याच्यावर प्रयोग करणें हा दुहेरी अपराध आहे. त्यानें दुःख भोगलें, आणि त्या दुःखांतून कोणासही ज्ञान मिळालें नाहीं. उलट खोटा दिलासा मिळाला. म्हणजे या ठिकाणीं शास्त्राची काटेकोरता आणि करुणा एकमेकींच्या विरुद्ध नाहींत. निवड अचूक असावी, असें दोघीही सांगतात.

साक्ष घेणें पुरेसें नाहीं, ती मानलीही पाहिजे. वर उल्लेखिलेलें डाय-एथिल-स्टिल्बेस्ट्रॉल १९३८ सालीं इंग्लंडांत डॉड्स यांनीं तयार केलें. त्याच दशकांत उंदरांवरील प्रयोगांनीं त्याच्या धोक्याची सूचना दिली होती. तरीही पुढें अनेक वर्षें गर्भपात टळावा म्हणून तें अमेरिकेंत गर्भवती स्त्रियांस दिलें गेलें. १९७१ सालीं असें उघडकीस आलें कीं, त्या स्त्रियांच्या मुलींस ऐन तारुण्यांत योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होत आहे. येथें साक्षीदार बरोबर निवडला होता. न्यायाधीशच झोंपला होता.

आणि जेथें कोणताच प्राणी निवडला जात नाहीं तेथें काय होतें? परीक्षा टळत नाहीं. फक्त परीक्षेचा प्राणी बदलतो. केरळांत कासरगोड जिल्ह्यांतील काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ विमानानें एंडोसल्फान फवारलें गेलें. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं तेथील एका गांवच्या शाळेंतील ११७ मुलगे आणि दुसऱ्या गांवचे ९० मुलगे तपासले. फवारणीच्या गांवांतील मुलांच्या ठिकाणीं यौवनाचीं लक्षणें उशिरा येत असल्याचें त्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं त्या औषधावर बंदी घातली. या प्रयोगास कोणत्याही समितीची परवानगी लागली नाहीं, कारण त्यास प्रयोग असें कोणी म्हटलेंच नाहीं. उंदरास पिंजऱ्यांत घालण्यापूर्वीं अर्ज करावा लागतो, आणि मुलावर आकाशांतून औषध टाकण्यास लागत नाहीं, ही स्थिति कोणत्या नीतिशास्त्रास मान्य होईल?

प्राण्यांवरील प्रयोगांचा ज्यांस मनापासून तिटकारा आहे त्यांनीं या प्रश्नाचा विचार अवश्य करावा. त्यांचा तिटकारा खोटा नाहीं. परंतु परीक्षा न झालेलें रसायन बाजारांत येऊं देऊन केवळ परीक्षेस विरोध करणें म्हणजे दुःख टाळणें नव्हे, तें दुसऱ्याच्या दारीं लोटणें होय. आणि तें दार बहुधा ढिवराचें किंवा शेतमजुराचें असतें. खरा करुणावान् मनुष्य प्रयोग कमी करा असें म्हणतांनाच, ज्याची परीक्षा झाली नाहीं तें वापरूं नका, असेंही म्हणेल. पहिली मागणी सोपी आहे. दुसरीसाठीं आपल्या सोयी सोडाव्या लागतात.

भंडाऱ्याच्या पाण्यापुरतें बोलावयाचें तर साक्षीदार दूरदेशांतून आणण्याचें कारण नाहीं. तलावांतील शिंगी मासा हा आपल्या देशांत संप्रेरकांच्या अभ्यासासाठीं फार जुन्या काळापासून उपयोगांत आहे. दिल्ली विद्यापीठांत सुंदरराज यांनीं त्याच्या ऋतुमानानुसार चालणाऱ्या प्रजननाचा आयुष्यभर अभ्यास केला. दिवस मोठा होतो, पाणी तापतें, तशी त्याची अंडाशयें भरूं लागतात, आणि पावसाळ्यांत तो वितो. असा मासा गोसीखुर्दच्या पाण्यांत व एखाद्या स्वच्छ बोडींत पिंजऱ्यांत ठेवून, दोन्हीं ठिकाणच्या नरांच्या रक्तांत बलकाचें प्रथिन शोधतां येईल. त्यासाठीं थोडें रक्त पुरतें. सारसास कोणी पिंजऱ्यांत घालणार नाहीं व घालूंही नये. पण त्याच्या घरट्यांत न उबलेल्या अंड्याचें कवच मोजण्यानें कोणास इजा होत नाहीं. आणि कोणत्या बोडींत कोणता मासा केव्हांपासून दिसेनासा झाला, पिलें कोणत्या पावसाळ्यापासून कमी झालीं, हें ज्यास पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे तो ढिवरही साक्षीदारच आहे. तो मुका नाहीं. त्यास कोणी विचारलें पाहिजे.

सुशिक्षित कुटुंबांत नवी वस्तु घेतांना, ती तपासलेली आहे ना, एवढें विचारण्याची पद्धत आतां रूढ झाली आहे. ती चांगली आहे, पण अपुरी आहे. कोणत्या प्राण्यावर तपासली, कोणत्या वयांत तपासली, त्या प्राण्यास ठाऊक असलेलें संप्रेरक दिलें तेव्हां त्यानें तें ओळखलें काय, आणि ही निवड कोणी केली, इतकें विचारल्यावांचून 'तपासलेली' या शब्दास अर्थ येत नाहीं. हे प्रश्न विचारण्यास शास्त्राची पदवी लागत नाहीं. साक्षीदार पारखून घ्यावा, हें तर खेड्यांतल्या पंचांसही कळत होतें.